शून्य दुरुस्त्यांचं पारितोषिक

नागपूरच्या नव्या प्रदर्शन भवनात सातशे टेबलं मांडली होती आणि दूरस्थ विभाग सोडला, तर त्यांतल्या एकावरही संगणकाचा पडदा नव्हता. पटखेळ संमेलनाचा तो नियमच होता. घरोघरी भिंती बोलू लागल्याला आता चाळीस वर्षं होत आली होती. त्यामुळेच की काय, लाकडी पट, पुठ्ठ्याचे पत्ते आणि हाताने सरकवायच्या सोंगट्या यांच्यासाठी डिसेंबरातल्या त्या दोन दिवसांत गुवाहाटीपासून गोव्यापर्यंतची माणसं इथे लोटत.

तन्मय देवपुजारी दारातच थबकले. अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि एवढ्या माणसांचा एकदम आवाज त्यांना अजूनही सोसत नसे.

"चाल ना बे," मागून शार्दूल वानखडे म्हणाले. "दरसाली दारात उभा राहतो. कोणी खाऊन नाही टाकत तुले."

"चष्म्यावर वाफ आली जरा."

"वाफ नाही, घाम आहे तो," ऋता मेश्राम म्हणाल्या. माणूस शुद्धीवर आहे की नाही हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्या भूलतज्ज्ञ होत्या. "नाडी बघू का?"

तिघं हसत दूरस्थ विभागाकडे निघाले. खरं तर ते चौघं होते. बत्तीस वर्षं दर रविवारी सकाळी ऋताबाईंच्या घरी 'तांडा'चा डाव पडायचा. खेळ साधा होता. कोकणातल्या मिठागरातून मीठ भरायचं, बैलांचा तांडा घाट चढवून देशावर आणायचा, वाटेतल्या विहिरी सगळ्यांत मिळून वापरायच्या. ज्या संघाचं मीठ जास्त पोचेल तो जिंकला. या चौघांत एक विचित्र रीत पडून गेली होती: एकमेकांना फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही, तब्येत विचारायची नाही. कोणाचं काय चाललंय ते पटावर दिसायचं. वानखडेंची बायको गेली त्यानंतरच्या रविवारी त्यांनी एकही बैल पुढे हलवला नव्हता, आणि बाकीच्या तिघांनीही आपले तांडे तिथेच त्यांच्या शेजारी थांबवले होते. बोललं कोणीच नव्हतं.

चौथे होते कैवल्य भोयर. ते अडीच वर्षांपूर्वी 'अगस्ती' यानातून गुरूच्या चंद्राकडे निघाले. किरणोत्साराचा विचार करता एवढ्या लांब साठीच्या पुढची माणसंच पाठवत; तरुणांना त्याचे परिणाम भोगायला पुढे आयुष्य असतं, म्हाताऱ्यांना नसतं. निघण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला विचारलं होतं: रोज एका ओळीएवढा खासगी संदेश मिळेल, तो कशासाठी वापरणार? एकदा निवडलं की बदल नाही. कोणी बायकोचं नाव लिहिलं, कोणी मुलाचं. विधुर, निपुत्रिक भोयरांनी लिहिलं, 'तांडा'.

अंतिम सामना दोन दिवसांचा होता आणि समोर जळगावचा संघ होता. त्यांच्या प्रमुख चारुशीला नेहेते यांचा दूरचा गडी चंद्रावर होता. सव्वा सेकंदाच्या अंतरामुळे त्याला काही यंत्रणा लागत नसे. त्यामुळे अमरावतीच्या टेबलावरचं चौथं रिकामं आसन पाहून त्या चक्रावल्या.

"म्हणजे तुमचा चौथा गडी खेळत नाहीच?"

"खेळतात, पण एक्केचाळीस मिनिटांवरून," दूरस्थ विभागाची प्रमुख अन्विता खोब्रागडे म्हणाली. ती संदेशवहनात डॉक्टरेट केलेली तिशीची मुलगी होती आणि समजावून सांगायची तिला हौस होती. "तुमची चाल भोयरकाकांना दिसायला प्रकाशाला एक्केचाळीस मिनिटं लागतात. त्यांचं उत्तर यायला तेवढीच. दर चालीला ब्याऐंशी मिनिटं कोण थांबणार? म्हणून त्यांच्या जुन्या डावांवरून त्यांचा प्रतिचालक बनवलाय. ते कुठली चाल करतील, याचं तो भाकीत करतो आणि ती चाल इथे लगेच पडते. अगदी तसाच प्रतिचालक यानातही आहे. त्यामुळे इथे काय पडलं असेल ते तिकडे त्यांनाही दिसतं."

"आणि ती चाल त्यांना नको असली तर?"

"तर ते दुरुस्ती पाठवतात. मग डाव त्या चालीपर्यंत मागे न्यायचा आणि पुढचं सगळं पुन्हा खेळायचं. चाल पसंत असेल तर काहीच पाठवायचं नाही. संदेशाला जागा इतकी कमी की फक्त फरक पाठवणं परवडतं. गप्प राहिले, म्हणजे मान्य."

"आमचेही प्रतिचालक आहेत वरती," वानखडे अभिमानाने म्हणाले. "त्याले आमची वाट पाहा लागू नये म्हणून. हे पाहा, वरच्या यंत्रानं धरलेली माझी चाल मले इथं फिकी दिसून रायली. तिले आम्ही सावली म्हणतो. सावलीवर सोंगटी ठेवली की झालं."

"आणि दुसरीकडे ठेवली?"

"मग तिकडे त्याचा डाव मागे जातो. दीड तास पाण्यात. तो बिचारा आधीच डब्यात बंद. कायले त्रास द्यायचा?"

देवपुजारी ऐकत होते. तेही सावलीवरच सोंगटी ठेवत, पण त्यांचं कारण निराळं होतं. बत्तीस वर्षांच्या प्रत्येक डावाची नोंद त्यांनीच सुवाच्य अक्षरात वहीत केली होती आणि त्याच वह्यांवरून हे सगळे प्रतिचालक बनले होते. आपल्याला आयत्या वेळी काही सुचलं, तर ते यंत्राला दिसलेल्या आपल्यापेक्षा बरंच असेल, असा भरवसा त्यांना कधी वाटला नाही.

शनिवारचा खेळ उत्तम झाला. भोयरांचा तांडा नेहमीप्रमाणे संथ, एकही गोणी न सांडता घाट चढला, आणि विहिरीवर मागच्यांसाठी पाणी राखून गेला. संध्याकाळी अमरावती बावीस गोण्यांनी पुढे होती.

त्यानंतर मंचावर नाव पुकारलं गेलं. यंदापासून दूरस्थ संघांसाठी एक नवं पारितोषिक ठेवलं होतं. निवेदक म्हणाला, "अमरावती आणि अगस्ती. सलग चौदा महिने, बाराशे चाली, एकही दुरुस्ती नाही. मैत्री याला म्हणतात. हे वृत्त आज रात्रीच्या संमेलनपत्रिकेतून सर्व दूरस्थ खेळाडूंनाही कळवलं जाईल."

टाळ्या पडल्या. संघप्रमुख म्हणून नाव देवपुजारींचं होतं, म्हणून त्यांना वर जावं लागलं. ते खाली आले तेव्हा वानखडेंनी त्यांच्या हातातून मानपत्र घेतलं आणि शेजारच्या टेबलांवर दाखवत सुटले. देवपुजारी मात्र संत्र्याच्या रसाचा पेला तसाच हातात धरून अन्वितासमोर जाऊन उभे राहिले.

"एक विचारू का? वेडगळ वाटेल कदाचित."

"विचारा ना, काका."

"बाकीच्यांच्या किती दुरुस्त्या येतात?"

"चांगल्या संघांत तीस चालींमागे एखादी. एक नवराबायको आहेत, तो मंगळावर. त्यांच्यात अठरांमागे एक."

"नवराबायकोत जास्तच असणार," ऋताबाई मागून म्हणाल्या.

"आमच्याकडे पहिल्या वर्षी येत होत्या," देवपुजारी म्हणाले. "पंधरावीस तरी आल्या. मग कमी झाल्या आणि मग थांबल्या. यंत्र शिकलं, असं आम्ही म्हणालो." ते जरा थांबले. "ग्रंथालयात आम्ही तक्रारवही ठेवली होती. अकरा वर्षं वही कोरी होती. दर अहवालात मी लिहायचो, वाचक समाधानी आहेत. बाराव्या वर्षी कळलं, शिपायाने ती पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं."

अन्विताचं हसू ओसरलं.

"मान्य आहे म्हणून गप्प बसलेला माणूस आणि नुसता गप्प बसलेला माणूस," देवपुजारी म्हणाले, "तुमच्या यंत्रणेला वेगळे ओळखू येतात?"

"नाही," ती म्हणाली. "काटकसर झालीय ती तिथेच."

"म्हणजे भोयर पटासमोर बसतच नसेल, तरी आपला डाव असाच चालला असता?"

"हो. हुबेहूब असाच."

"यानाची दर सोमवारी बातमी येते की," वानखडे परत येऊन म्हणाले. "सर्व प्रवासी सुखरूप."

"नाडी चालू, श्वास चालू, एवढाच त्याचा अर्थ," ऋताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "मी बेशुद्ध केलेले सगळे पेशंट तसे सुखरूपच असायचे, शार्दूल."

पत्र्याच्या डब्यात अडीच वर्षं, शेजारी पाच अनोळखी माणसं, खिडकीबाहेर काळं. तिथे एखादा माणूस हळूहळू खुर्चीतून उठायचा बंद झाला असेल, जेवणाव्यतिरिक्त तोंड उघडत नसेल, तर ते कोणाला दिसलं असतं? पृथ्वीवर ज्यांना ते दिसायला हवं होतं त्यांच्यासमोर दर रविवारी एक शहाणा, शांत, पाणी राखून ठेवणारा भोयर खेळत होता.

"विचारता नाही येणार त्याला?" ऋताबाईंनी अन्विताला विचारलं.

"या जोडणीतून शब्द जात नाहीत, फक्त चाली जातात. पत्रिका यानाच्या सार्वजनिक बातम्यांतून जाते, तिच्यात खासगी प्रश्न घालता येत नाही. एक करता येईल." ती चाचरली. "त्यांना मान्य होणंच शक्य नाही अशी चाल संघप्रमुखाच्या किल्लीने त्यांच्या नावावर हाताने घालायची. ते बघत असतील, तर दुरुस्ती आल्याशिवाय राहणार नाही. पण प्रतिचालक बिघडलेला नसताना त्याची चाल बदलली, तर सामना गेला. नियम आहे."

"नाही," वानखडे म्हणाले. "उद्या सामना संपू द्या. मग काय घालायची ते घाला."

"उद्या संध्याकाळपासून यान सूर्याआड जातंय," अन्विता म्हणाली. "तीन आठवडे जोडणी बंद."

"मग तीन आठवड्यांनी. चौदा महिने गेले ना? एकवीस वर्षं या संमेलनाले येऊन रायलो आपण, देव. एकदा तरी कप घरी नेऊ दे. भोयरले विचार, तोपण हेच म्हणेल."

"तेच तर विचारता येत नाहीये," देवपुजारी म्हणाले.

वानखडेंनी हातातला पेला टेबलावर ठेवला. संत्र्याचा रस न पिताच ते निघून गेले.

रविवारी सकाळी तर्रीपोहे खायलाही ते वेगळ्या टेबलावर बसले. नऊ वाजता डाव पुढे सुरू झाला. सामना तासाभरात खिशात पडणार हे जळगावकरांनाही दिसत होतं. नेहेतेबाई नुसत्या मान हलवत खेळत होत्या. देवपुजारींच्या मनात मात्र रात्रीपासून तेच चाललं होतं. मी असा कोण लागून गेलो? नेहमीसारखी माझी शंका खोटी निघाली, तर तीन माणसांची एकवीस वर्षं मी पाण्यात घातलेली असतील. एरवी असा विचार मनात आला की ते हात मागे घेत. पण आज हात मागे घेणं म्हणजे भोयरांच्या बाबतीत आणखी एकदा गप्प राहणं होतं.

दहा वाजून वीस मिनिटांनी भोयरांच्या तांड्याची पाळी आली. प्रतिचालकाने तो विहिरीवर थांबवला. देवपुजारींनी संघप्रमुखाची किल्ली पटाला लावली. सोंगटी त्यांच्या हातून दोनदा पडली. मग त्यांनी तो तांडा नदीच्या काठाशी नेला आणि गोण्या एकेक करून पाण्याच्या निळ्या पट्ट्यावर ठेवल्या. एकतीस गोण्या. आयुष्यात ज्या माणसाने एक गोणी सांडली नव्हती, त्याने आपलं सगळं मीठ गोदावरीत ओतलं होतं.

"अरे देवा," नेहेतेबाई म्हणाल्या.

पंचांनी येऊन नियम वाचून दाखवला. सामना जळगावला दिला गेला. वानखडे खुर्ची मागे ढकलून उभे राहिले, देवपुजारींकडे बघत राहिले आणि म्हणाले, "निदान मले सांगून तरी करायचं होतं बे."

"सांगितलं असतं तर तू हात धरला असतास."

"धरला असता." ते पुन्हा खाली बसले. "धरलाच असता मी."

अन्विताने घड्याळ लावलं. चाल वर पोचणार अकरा वाजून एक मिनिटाने. भोयर समोर बसलेले असतील आणि त्यांनी तात्काळ दुरुस्ती पाठवली, तर ती इथे येणार अकरा बेचाळीसला. नेहेतेबाईंना काय झालंय ते ऋताबाईंनी थोडक्यात सांगितलं. त्या कप घ्यायला मंचाकडे गेल्या नाहीत. पर्समधून त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीचे सँडविच काढले आणि टेबलावर मधोमध ठेवले. "बसू या. मलाही बघायचंय," त्या म्हणाल्या.

दहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी पटावर तांबडा दिवा लागला.

"दुरुस्ती," अन्विता म्हणाली. "भोयरकाकांची आहे."

वानखडेंनी टेबलावर थाप मारली. "आला पाहा. म्हणे बसत नसेल पटासमोर. अबे, सामना घालवलास फुकट, पण जाऊ दे. आला ना तो." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ते कोणी पाहू नये म्हणून चष्माही पुसला.

देवपुजारींनाही हसू फुटलं होतं. त्यांनी सवयीने चाल टिपून ठेवण्यासाठी वही उघडली, वेळ लिहिली, आणि हात तिथेच थांबला.

"अन्विता, माझी चाल अजून तिथे पोचलीच नाहीये."

कोणाच्या लक्षात येईना.

"दहा वीसला निघाली. पोचायला एक्केचाळीस मिनिटं. झालीत एकतीस. ती अजून वाटेतच आहे. मग हे उत्तर कशाचं?"

अन्विताने पटाकडे झुकून दुरुस्तीची नोंद वाचली. तिचा चेहरा गोंधळून गेला. "यानातून सुटली दहा वाजून दहा मिनिटांनी. तुम्ही किल्ली लावायच्या आधी दहा मिनिटं. ही नदीतल्या मिठाबद्दल नाही. त्यांनी आपला भरलेला तांडा घाटमाथ्यावरून उलटा फिरवलाय. मिठागराकडे. सगळ्या मिठासकट."

"असं कोण खेळतं?" नेहेतेबाई म्हणाल्या. "मीठ परत समुद्राकडे न्यायचं?"

"कोणी नाही," देवपुजारी म्हणाले. "बघणाऱ्याला मान्य होणंच शक्य नाही, अशी चाल आहे ती." ते अगदी हळू बोलत होते, जणू स्वतःलाच समजावत होते. "कालची संमेलनपत्रिका त्याला मिळाली असणार. चौदा महिने, एकही दुरुस्ती नाही. ते वाक्य आपण वाचलं, तसं त्यानेही वाचलं. आपण समजलो, ते त्याच्याबद्दल आहे. तो समजला, आपल्याबद्दल आहे. अन्विता, इथून वर किती दुरुस्त्या गेल्या? आम्हा तिघांच्या?"

तिने पाहिलं. पाहायची गरज नव्हती खरं तर.

"चौदा महिन्यांत? शून्य, काका."

"पण आपण तर खेळत होतो," वानखडे म्हणाले. "दर रविवारी. एक रविवार चुकवला नाही. ताप असताना आलो मी एकदा."

"सावलीवर सोंगट्या ठेवत होतो," ऋताबाई म्हणाल्या. "त्याला त्रास नको म्हणून. आपण सगळे मेलो असतो, तरी त्याला तिकडे तेच तिघं दिसले असते. तोच शार्दूल. तीच मी."

"आणि त्याच्या दुरुस्त्या का थांबल्या?" देवपुजारींनी विचारलं.

ऋताबाई वानखडेंकडे बघत राहिल्या. पहिल्या वर्षी दुरुस्ती आली की वानखडे काय बोलत ते तिघांनाही आठवत होतं. आला याचा निरोप, गेला आपला डाव पाण्यात. शब्द वर जात नव्हते. पण बत्तीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला शार्दूल काय बोलत असेल हे कळायला शब्द कशाला लागतात?

"आपल्याला त्रास नको म्हणून," वानखडे म्हणाले.

सातशे टेबलांचा गलबला चालू होता. कुठेतरी कोणी जिंकलं होतं. या टेबलावर पाच माणसं एका पटाकडे बघत होती, ज्यावर चौदा महिने कोणीच खेळलं नव्हतं. इथली यंत्रं आणि तिथली यंत्रं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे खेळत राहिली होती, आणि दोन्हीकडची माणसं ते बघत, समोरचा ठीक आहे ना, याची मनातल्या मनात काळजी करत बसली होती.

"पोरी," वानखडे अन्विताला म्हणाले, "त्या सावल्या बंद कर आधी."

तिने सावल्या बंद केल्या. पटावरचे फिके डाग विझले. डाव मागे नेला गेला, भोयरांचा तांडा घाटमाथ्यावर उलटं तोंड करून उभा राहिला. सामना संपलेला होता, तरी नेहेतेबाईंनी आपल्या लोकांना खुणेने बोलावलं आणि जळगावचे बैलही आपापल्या जागी मागे नेऊन ठेवले.

पाळी देवपुजारींची होती. समोर कुठली खूण नाही, असा पट त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्यांना काहीच सुचेना. मग त्यांनी आपला तांडा विहिरीवरून उठवला, वळवला आणि भोयरांच्या तांड्यामागोमाग समुद्राच्या वाटेला लावला. चाल वाईट होती. तिच्यात एकही गोणी पोचणार नव्हती.

"तुमचा फरक गेला," अन्विता म्हणाली. "चौदा महिन्यांतला पहिलाच."

ऋताबाईंनी आपला तांडा त्यांच्यामागे लावला. त्यामागे वानखडेंनी आपला.

देवपुजारींनी वहीत तीन चाली लिहिल्या आणि वेळ टाकण्यासाठी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून एक मिनिट झालं होतं. नदीत ओतलेलं मीठ आत्ता तिकडे पोचलं होतं. एका अरुंद यानात एक म्हातारा आपल्या नावावर पडलेल्या त्या भयंकर चालीकडे बघत असणार. आणि मग, तांडा उलटा फिरवून मी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर असेल तर ते अकरा बत्तीसच्या एकतीस मिनिटं आधीच कसं आलं, म्हणून तोही घड्याळाकडे वळून बघत असणार.